1068 चा सुरत रुपया: मुरादबक्षचा की शहाजहानचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. नाशिकच्या एका प्रदर्शनात तुम्हाला एका विक्रेत्याने चांदीचा जुना रुपया दाखवला. वजन 11.1 ग्रॅम. एका बाजूला चौकोनात कलमा (इस्लामच्या श्रद्धेचं वचन), दुसऱ्या बाजूला चौकोनात बादशाहाचं नाव. 1068 हा आकडा स्वच्छ दिसतो, पण नावाचा अर्धा भाग नाण्याच्या कडेबाहेर गेला आहे. वरच्या काठावर कधीतरी कडी डाकलेली असावी, तशी खूण आहे. विक्रेता सांगतो की हा शहाजहानचा धाकटा मुलगा मुरादबक्ष याचा सुरतेचा रुपया, भाऊबंदकीच्या युद्धातला, अतिदुर्मीळ. आणि शहाजहानच्या साध्या रुपयाच्या कित्येक पट किंमत मागतो. तुम्ही विचारता : नाणं अस्सल आहे का, घ्यावं का, चिंचेने घासलं तर नाव उजळेल का, आणि पुढे अमेरिकेतल्या भावाला ते भेट पाठवता येईल का.

तुम्ही 'अस्सल आहे का' हा प्रश्न पहिला ठेवला आहे. मी तो दुसरा ठेवीन. नाणं चांदीचं आहे, सतराव्या शतकातलं आहे, हातोड्याने पाडलेलं आहे, हे सगळं खरं ठरलं तरी ते शहाजहानचं निघू शकतं. शहाजहानचा सुरत रुपया काही दुर्मीळ नाही. बऱ्यापैकी नीटनेटका नमुना कोणत्याही मोठ्या प्रदर्शनात मिळतो. म्हणजे तुमच्याकडून जी जास्तीची रक्कम मागितली जाते आहे ती सगळी एका नावाची आहे, आणि नेमकं तेच नाव अर्धं कापलेलं आहे. म्हणून आधी वाचन, मग पारख, मग किंमत, या क्रमाने जाऊ.

आधी 1068 बद्दल. विक्रेत्याचा पहिला पुरावा तोच आहे. हिजरी 1068 हे साल 9 ऑक्टोबर 1657 ला सुरू झालं आणि सप्टेंबर 1658 च्या अखेरीस संपलं. या एका वर्षात काय काय झालं ते पाहा. शहाजहान सप्टेंबर 1657 मध्ये दिल्लीत आजारी पडला, तो मेल्याच्या अफवा पसरल्या. गुजरातचा सुभेदार मुरादबक्ष याने डिसेंबर 1657 मध्ये अहमदाबादेत स्वतःला बादशाह जाहीर केलं. बंगालमध्ये शाह शुजाने राजमहालला तेच केलं. एप्रिल 1658 मध्ये धरमतची लढाई झाली, मग सामूगढची; दोन्हींत औरंगजेब आणि मुराद एका बाजूला होते. 25 जून 1658 ला मथुरेजवळच्या छावणीत औरंगजेबाने मुरादलाच कैद केलं. 21 जुलैला दिल्लीबाहेरच्या शालिमार बागेत औरंगजेबाने स्वतःचा पहिला राज्याभिषेक उरकला. दारा, शुजा, औरंगजेब, मुराद या चौघा भावांची ही लढाई शुजा 1660 मध्ये आराकानला पळाल्यावर संपली. मुरादला 1661 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठार करण्यात आलं.

आता हे सुरतेच्या टांकसाळीतून पाहा. 1068 च्या सुरुवातीला तिथे शहाजहानच्या नावाचे रुपये पडत होते. मुरादने शाहबाजखान नावाच्या आपल्या खोजा सरदाराला फौज देऊन पाठवलं, डिसेंबरमध्ये सुरतेचा किल्ला घेतला, आणि त्यानंतर तिथे मुरादच्या नावाचे रुपये पडू लागले. दोन्ही नाणी एकाच हिजरी सालची. तेव्हा 1068 हा आकडा 'मुराद असू शकेल' एवढंच सांगतो. 'मुराद आहे' हे तो सांगत नाही. 1067 दिसलं असतं तर मुरादचा विषय तिथेच संपला असता. 1068 दिसल्यामुळे तो फक्त सुरू होतो.

इथे राजवर्षाची मदत होते. मोगल रुपयावर हिजरी सालाबरोबर राज्यारोहणापासूनचं वर्षही असतं. 1068 मध्ये पाडलेल्या शहाजहानच्या रुपयावर 31 किंवा 32 हे राजवर्ष येतं, कारण त्याचं नवं राजवर्ष जुमादल आखिर महिन्यात, म्हणजे त्या वर्षी मार्च 1658 च्या सुमारास, बदललं. मुरादच्या रुपयावर आकड्याऐवजी 'अहद' हा शब्द असतो, म्हणजे पहिलं वर्ष. तुमच्या फोटोत राजवर्षाची जागा सावलीत गेली आहे. त्या जागेचा वेगळा फोटो मागवा. तिथे 31 किंवा 32 चे अर्धे-मुर्धे आकडे जरी दिसले तरी पुढचं काही वाचायची गरज नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. फारसी लिपीत (ती उजवीकडून डावीकडे वाचतात) 'अहद' हा शब्द अलिफ, हे, दाल या अक्षरांनी लिहितात आणि 'अहमदाबाद' मधला 'अहमद' अलिफ, हे, मीम, दाल असा. कापलेल्या नाण्यावर मीमची गाठ पुसट असेल तर शहाजहानच्या साध्या अहमदाबाद रुपयावर 'अहद' वाचल्याचा भास होतो. हे विक्रेत्याच्या लबाडीनेच होतं असं नाही. माणसाला जे वाचायचं असतं ते तो वाचतो.

नाव अर्धं कापलेलं का, हेही समजून घ्या, म्हणजे या नाण्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. टांकसाळीत चांदी वितळवून तिच्या कांबी ओढत, कांबीचे तुकडे पाडत, प्रत्येक तुकडा तोलून जास्तीचं छाटत, तापवून मऊ करत आणि ठोकून गोल चकती करत. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा ठसा कारागिराच्या हातात, मध्ये चकती, आणि वरून घणाचा घाव. वजन काटेकोर पाळायचं असे, आकार नव्हे. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ठशावरचा पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. चकती जराशी डावीकडे सरकली की उजवीकडचा शब्द गेला. ठसा तोच, चांदी तीच, हात तोच, तरी शेजारी-शेजारी पाडलेल्या दोन रुपयांपैकी एकावर नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर अर्धं. म्हणून नाव कापलेलं असणं हा दोष संशयास्पद अजिबात नाही. पण मुरादसारख्या नाण्यात तोच किंमत ठरवतो.

आता मुख्य भाग : नाव. विक्रेता म्हणतो, 'बख्श वाचता येतं', म्हणजे मुरादबक्ष मधला 'बक्ष'. तुमच्या दुसऱ्या फोटोत चौकोनाच्या मध्यावर तीन दातांचं अक्षर आहे आणि त्याच्या आधी एक वळणदार अक्षर. तीन दातांचं ते शीन. त्यावर विसंबून बख्श म्हणता येणार नाही. 'बख्श' बे, खे, शीन असा. त्यात शीन शेवटी. 'शाह' शीन, अलिफ, हे असा. त्यात शीन सुरुवातीला. 'बादशाह' मध्येही शीन आहेच, आणि 'बादशाह गाझी' हे शब्द बाप आणि मुलगा दोघांच्याही रुपयांवर असतात. म्हणजे 'शाह जहान बादशाह गाझी' या मजकुरात शीन दोनदा येतं आणि 'मुराद बख्श बादशाह गाझी' यातही दोनदा. शीन दिसलं यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वळणदार अक्षराचीही तीच गत. 'बख्श' मधलं खे आणि 'जहान' मधलं जीम यांची अंगाची ठेवण एकच. फरक फक्त नुक्त्याचा : खेचा ठिपका वर, जीमचा खाली. आणि मोगल नाण्यांवर नुक्ते भरवशाचे नसतात. ठसा कोरणारे ते कधी गाळतात, कधी मोकळी जागा भरायला नुसते शोभेचे ठिपके टाकतात. नुक्ता दिसला तर आनंद माना, पण एकट्या नुक्त्यावर पैसे लावू नका.

मग काय पाहायचं? मी नेहमी 'मुराद' शोधतो, 'बख्श' नव्हे. कारण 'मुराद' या शब्दाची घडण वेगळी आहे. मीम आणि रे जोडलेले, त्यानंतर अलिफ सुटा, दाल सुटा. रे, अलिफ, दाल ही तिन्ही अक्षरं डावीकडच्या अक्षराला जोडत नाहीत, म्हणून हा शब्द नाण्यावर तुटक दिसतो : एक गाठ व तिची खाली गेलेली शेपटी, मग उभी रेघ एकटी, मग छोटा कोन एकटा. 'जहान' मध्ये उलट जीम, हे, अलिफ एकसंध जोडलेले असतात, आणि शेवटी नूनची वाटी सुटी. तुमच्या नाण्यावर मध्यातल्या अक्षराला लागून येणारी उभी रेघ खालच्या बाजूने जोडलेली आहे की मोकळी उभी आहे, एवढंच पाहायचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या ठिकाणी मळ साचलेला आहे आणि प्रकाश समोरून पडलाय, त्यामुळे मला ठाम सांगता येत नाही. माझा कल मात्र जोडलेली रेघ असण्याकडे आहे, म्हणजे शहाजहानकडे. तिरक्या प्रकाशातला फोटो पाहिल्याशिवाय हा कल निकाल समजू नका.

दोन अपवाद माहीत असायला हवेत. पहिला : मुरादच्या काही नाण्यांवर चौकोनी मांडणीऐवजी फारसी द्विपदी आहे. तिचा आशय असा की साहिबकिरान (ही शहाजहानची पदवी) शहाजहानचा वारसा मुरादबक्षने, म्हणजे दुसऱ्या सिकंदराने, घेतला. म्हणजे मुरादच्याच नाण्यावर बापाचं नावही येतं! अशा नाण्यावर 'शाह जहान' दिसलं म्हणून ते टाकून देऊ नये. तुमचं नाणं चौकोनी मांडणीचं आहे, तेव्हा ही अडचण तुम्हाला नाही.

दुसरा अपवाद आपल्या भागात जास्त लागू पडतो, कारण ती नाणी दख्खनची. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेला आणि पुन्हा भावांचं युद्ध पेटलं. आझमशाहाने अहमदनगरला स्वतःला बादशाह जाहीर केलं. उत्तरेकडे जाताना त्याच्याच छावणीतून शाहूमहाराज सुटले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जून 1707 मध्ये जाजाऊच्या लढाईत आझम मारला गेला. धाकटा कामबक्ष विजापूर-हैदराबाद धरून बसला आणि जानेवारी 1709 मध्ये हैदराबादजवळ झालेल्या लढाईत जखमी होऊन गेला. दोघांनीही नाणी पाडली. कामबक्षच्या नाण्यावरची द्विपदी 'दर दखन' अशी सुरू होते : दख्खनमध्ये सूर्यचंद्रावर आपला शिक्का उमटवला, असा तिचा थाट आहे. आता या नावातही 'बख्श' आहेच. मग फरक कसा करायचा? कलमा पाहा. औरंगजेबाने गादीवर आल्यावर नाण्यांवरचा कलमा बंद केला आणि त्याच्या जागी चांदीच्या रुपयावर 'बद्रे मुनीर', म्हणजे पूर्णचंद्र, असलेली द्विपदी आणली. सोन्याच्या मोहरेवर चंद्राच्या जागी सूर्य. त्याच्या नंतरच्यांनीही कलमा परत आणला नाही. म्हणून बख्श आणि कलमा एकाच नाण्यावर असतील तर ते 1657-58 चं युद्ध. बख्श आहे पण कलमा नाही, तर 1707 नंतरचं. तुमच्या नाण्यावर कलमा पूर्ण आहे, चौकोनाच्या बाहेर चार खलिफांच्या नावांचे अंशही दिसतात. तेव्हा कामबक्षचा प्रश्न मिटला. उरले बाप आणि मुलगा.

टांकसाळीच्या नावाबद्दल थोडक्यात. मुरादची चांदी मुख्यतः अहमदाबाद, सुरत आणि खंभायत इथली. तिन्हीत सुरतेचे रुपये तुलनेने जास्त पाहायला मिळतात, खंभायतचे कमी. तुमच्या तिसऱ्या फोटोत चौकोनाच्या बाहेरच्या पट्टीत सीन आणि वाव जोडून, मग सुटा रे, असं दिसतं. सुरत हे वाचन मला पटतं. विक्रेता तिथे बरोबर आहे.

आता अस्सलपणाकडे येऊ. 11.1 ग्रॅम वजन काळजीचं नाही. या काळातले रुपये सहसा 11.2 ते 11.5 ग्रॅमच्या आसपास तोलतात. दोनशे-तीनशे वर्षं हाताळलेला, सराफांनी पारखीच्या खुणा मारलेला, गळ्यात घातलेला रुपया 11.1 भरणं स्वाभाविक आहे. कडी काढताना थोडी चांदी जाते, कधी डाकाची थोडी उरते, त्यामुळे कडीच्या नाण्यात वजनाच्या दशांशावर फार भर देऊ नये. 10.5 च्या खाली असतं तर मी थांबलो असतो.

कडीची खूण किंमत कमी करते, पण एका दृष्टीने ती मला आवडते. आपल्याकडे असे रुपये माळेत ओवून घालायची पद्धत जुनी आहे. माळेतली झीज विशिष्ट प्रकारची असते : छातीवर घासणारी बाजू गुळगुळीत, दुसरी तुलनेने धारदार. ही एकतर्फी झीज नक्कल करणाऱ्याला सहसा सुचत नाही. तुमच्या फोटोत कलम्याची बाजू जास्त झिजलेली आहे आणि कडीच्या खुणेची दिशा तिच्याशी जुळते. नाणं जुनं आहे याकडे माझा कल यामुळेच आहे.

नकली नाण्यांचे प्रकार तीन, आणि तीन ठिकाणी पाहावं लागतं. पहिला प्रकार ओतीव. अस्सल नाण्याचा साचा करून चांदी ओततात. त्यात अक्षरांच्या कडा बोथट, सपाट भागात बारीक खळगे, आणि काठावर कधी साच्याचा सांधा किंवा तो घासल्याच्या आडव्या रेघा. ठोकलेल्या नाण्यात काठाला ताणाच्या बारीक चिरा असतात, त्या बाहेरून आत जातात. ओतीव नकलांची सगळ्यात पक्की खूण म्हणजे जुळी. एकाच ठशाची दोन नाणी असणं अगदी योग्य आहे, पण दोन्हींच्या चकतीचा आकार, चीर आणि खरचटलेली रेघही तीच असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आली. दुसरा प्रकार नव्या ठशांनी पाडलेला. ही नाणी फार गोल, फार भरीव, मजकूर संशय यावा इतका मध्यभागी. तुमचं नाणं या दोन्हींपैकी वाटत नाही.

तिसऱ्या प्रकाराची मात्र तुमच्या नाण्यात तपासणी व्हायलाच हवी : अस्सल शहाजहानचा रुपया घेऊन नावाच्या जागी कोरीवकाम करणं. चांदी खरी, वय खरं, वजन खरं, कलमा खरा. खोटी फक्त दोन अक्षरं. हे तपासायला जवाहिऱ्याचं दहापट भिंग पुरतं. ठशाने उमटलेलं अक्षर चकतीच्या पृष्ठभागातून वर आलेलं असतं, त्याच्या मुळाशी चांदी गोलसर उतरते आणि आजूबाजूचा सपाट भाग बाकी नाण्याच्या पातळीत असतो. कोरलेलं अक्षर उठावदार दिसावं म्हणून कोरणाऱ्याला भोवतालची चांदी खोदावी लागते. त्यामुळे अक्षराभोवती उथळ चर दिसतो, तळाशी अवजाराच्या समांतर रेघा असतात, आणि अक्षराची भिंत उभी कापल्यासारखी असते. मळाचा रंगही पाहा. शेजारच्या अक्षरांच्या कोनाकोपऱ्यात काळा, घट्ट, जुना मळ आणि नेमक्या नावाच्या जागी पांढुरकी ताजी चांदी किंवा वरून चोपडलेला तपकिरी मळ, असं असेल तर नाणं परत करून निघून या. तुमच्या फोटोत नावाच्या जागी मळ आहे आणि तो शेजारच्यासारखाच दिसतो. त्यामुळे मला इथे कोरीवकामाचा संशय कमी आणि घाईच्या वाचनाचा संशय जास्त वाटतो.

म्हणूनच चिंचेचा विचार डोक्यातून काढून टाका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. घरची चांदीची भांडी चिंचेने, लिंबाने, राखेने लखलखतात कारण आपण वरचा थर काढतो. नाण्यावरचा तो काळसर थर आणि कोपऱ्यातला मळ हा त्याच्या वयाचा आणि प्रामाणिकपणाचा साक्षीदार आहे. तो गेला की कोरलेलं काय आणि ठोकलेलं काय हे सांगणं अवघड होतं. शिवाय घासल्याने नसलेलं अक्षर येत नाही. जे कडेबाहेर गेलं ते चांदीवर कधी उमटलंच नव्हतं. फार तर शुद्ध पाण्यात भिजवून, न घासता, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, आणि तेही नाणं तुमचं झाल्यावर. विक्रेत्याचं नाणं त्याच्या परवानगीशिवाय ओलं करू नये.

दुर्मीळपणाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण 'अतिदुर्मीळ' हा शब्द प्रदर्शनात फार स्वस्त झाला आहे. मुरादचं नाणं कमी का, याची कारणं खरी आहेत. त्याची सत्ता डिसेंबर ते जून, साताठ महिनेही नाही. टांकसाळी मोजक्या. त्यात मोगल बाजारात चालू सालचा रुपया पूर्ण भावाने चाले आणि जुना झाला की सराफ बट्टा कापत, म्हणून व्यापारी जुने रुपये टांकसाळीत देऊन नवे पाडून घेत. पडलेल्या दावेदाराच्या नावाचा रुपया कोण जपून ठेवणार? साहजिकच बरेच वितळले. पण या नाण्यांची दुसरी बाजूही आहे. मुरादला फौजेचा पगार द्यायचा होता आणि त्यासाठी त्याने सढळ हाताने पैसा उभा केला. सुरतेत विरजी व्होरासारख्या धनाढ्यांकडून सक्तीचं कर्ज घेतलं. अहमदाबादेत शांतिदास जव्हेरीच्या घराण्याकडून घेतलेली रक्कम 5.5 लाख रुपये होती, आणि मुराद कैद झाल्यावर शांतिदासाने औरंगजेबाकडून त्यातल्या 1 लाखाच्या परतफेडीचा हुकूम मिळवला. खुतबा (शुक्रवारच्या नमाजात बादशाहाच्या नावाने वाचलं जाणारं प्रवचन) आणि सिक्का (नाणं) ही बादशाहीची दोन चिन्हं. मुरादसाठी सिक्का हे चिन्ह होतंच, शिवाय शिपायाच्या हातात पडणारं रोजचं नाणंही होतं. पगार वाटण्याइतके रुपये पाडले गेले, म्हणूनच काही आपल्यापर्यंत पोचले. ही नाणी दुर्मीळ आहेत, जगात दोन-चारच आहेत अशी स्थिती नाही. लिलावांच्या जुन्या याद्या चाळल्या तर मुरादचे सुरत रुपये अधूनमधून सापडतील, आणि नाव पूर्ण असलेल्या व नाव कापलेल्या नाण्यांच्या भावातला फरकही तुमच्या डोळ्यांनी दिसेल. ती तुलना स्वतः करा. कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

किंमत किती योग्य, हे नाव किती वाचता येतं यावर अवलंबून आहे. 'मुराद' स्पष्ट आणि 'अहद'ही दिसत असेल तर कडीची खूण धरूनही मी हे नाणं आनंदाने घेईन आणि थोडे जास्त पैसे मोजायलाही हरकत नाही. 'मुराद' अर्धं, पण तुटक घडण निर्विवाद असेल तर मागितलेल्या किमतीच्या बरंच खाली बोला. आणि काहीच निश्चित वाचता येत नसेल तर ते शहाजहानच्या सुरत रुपयाच्या भावाने घ्या किंवा सोडा. 'कदाचित मुराद' या नाण्याची किंमत मुरादची नसते. उद्या तुम्हाला ते विकायचं झालं तर पुढचा ग्राहकही हेच म्हणेल.

विक्रेत्याने नाणं प्लास्टिकच्या बंद डबीत, ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्या कंपनीच्या) लेबलासह दिलं तर? लेबल उपयोगी आहे, पण कापलेल्या नावाच्या मोगल नाण्यात लेबलावरचं नाव आणि नाण्यावरचं नाव जुळतं का हे स्वतः पाहिल्याशिवाय राहू नये. शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधनाची संस्था आहे. तुम्ही नाशिकचेच, तेव्हा तिथलं नाणी-संग्रहालय एकदा जाऊन पाहाच. शेकडो अस्सल ठोकलेली नाणी काचेमागे का होईना पाहिली की डोळा तयार होतो, आणि तो तयार डोळा पुढच्या प्रत्येक खरेदीत कामी येतो.

भावाला पाठवण्याचं उत्तर सरळ आहे : पाठवू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. भेट म्हणून, टपालाने, सामानात, कशीच नाही. भावाला हौस असेल तर इथे आल्यावर दाखवा. देशातल्या देशात घेताना विक्रेत्याकडून पावती घ्या आणि पावतीवर 'चांदीचं जुनं नाणं' असं मोघम न लिहिता त्याचा दावा लिहून घ्या : मुरादबक्ष, सुरत, हिजरी 1068, वजन 11.1 ग्रॅम, फोटो सोबत. ज्याला आपल्या वाचनाची खात्री आहे तो हे आनंदाने लिहून देतो, आणि वाचन चुकलं तर पैसे परत करायलाही तयार असतो. आणि हे नाणं शेतात किंवा वाड्याच्या पायात सापडलेल्या घड्यातलं आहे असं कुणी कानात सांगितलं तर घेऊच नका. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा 1878 पासून लागू आहे, आणि तुम्ही नकळत त्या भानगडीत ओढले जाल.

आता तुम्ही करायचं काम. विक्रेत्याला दोन दिवस नाणं राखून ठेवायला सांगा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, नाणं काळ्या कापडावर ठेवा. उजेड डाव्या बाजूने अगदी तिरका येऊ द्या आणि नावाच्या बाजूचा फोटो घ्या. मग नाणं जागेवरच चतकोर फिरवून पुन्हा घ्या, असे चारही दिशांनी. सावली बदलली की बुजलेल्या रेघा उठून येतात, आणि ती उभी रेघ जोडलेली आहे की सुटी, हे चारपैकी एका फोटोत नक्की कळेल. एक फोटो राजवर्षाच्या जागेचा, एक नुसत्या काठाचा, कडीच्या खुणेसह. हे सहा फोटो इथेच टाका. मी वाचून सांगतो, आणि इथे फारसी माझ्याहून चांगलं वाचणारी मंडळीही आहेत, तीही पाहतील.